रताळ्यातल्या ताम्र-विकराची प्रतिकृती: प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

रताळ्यातील कॅटेकॉल ऑक्सिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियाकेंद्राची रासायनिक प्रतिकृती तयार करावी, आणि ती विकरासारखे काम करते असे म्हणण्याआधी ते म्हणणे सर्व बाजूंनी तपासून घ्यावे, असे प्रकल्पाचे उद्दिष्ट आज ठरले. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ताम्राची, म्हणजे तांब्याची, कितीतरी संकुले (धातूला इतर रेणू जोडून होणारी संयुगे) हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने कॅटेकॉल या फिनॉलवर्गी संयुगाचे ऑक्सिडीकरण करून क्विनोन करतात. द्रावण पिवळे होते, ४०० नॅनोमीटरजवळचा शोषणपट्टा वाढत जातो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच प्रतिकृती साधल्याचे जाहीर केले जाते. क्विनोन तयार झाले म्हणजे विकराचा मार्गही सापडला, असे मात्र होत नाही. इलेक्ट्रॉन कोठून कोठे गेले आणि ऑक्सिजनचे शेवटी काय झाले, याचा हिशोब लागल्याशिवाय असा दावा या प्रकल्पात करायचा नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवत आहे.

या विकराची स्फटिकरचना म्यून्स्टर येथील बर्न्ट क्रेब्स आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील जेम्स सॅचेटिनी यांच्या गटांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे ३९ किलोडाल्टनच्या या प्रथिनात ताम्राचे दोन अणू शेजारी शेजारी असून प्रत्येकाला तीन हिस्टिडीन धरून असतात. त्यांपैकी एक हिस्टिडीन जवळच्या सिस्टीनच्या गंधकाशी सहसंयुज बंधाने जोडलेले आहे, आणि त्यामुळे त्या ताम्राभोवतीची मांडणी ताठ राहते. दोन्ही ताम्र द्विसंयुज (+२ अवस्थेत) असताना त्यांच्यात हायड्रॉक्साइडचा पूल असतो आणि अंतर २.९ अँगस्ट्रॉम असते. दोन्ही एकसंयुज (+१ अवस्थेत) झाले की पूल सुटतो आणि तेच अंतर ४.४ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढते. हे मागेपुढे होणे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते, कारण आमच्या मते विकराच्या कामाची किल्ली त्यातच आहे.

सर्वमान्य चक्र असे आहे की, पहिला कॅटेकॉल रेणू दोन इलेक्ट्रॉन देऊन क्विनोन होतो आणि दोन्ही ताम्र एकसंयुज होतात. मग ऑक्सिजन त्यांच्यामध्ये येऊन पेरॉक्साइडच्या रूपात बसतो. दुसरा कॅटेकॉल आणखी दोन इलेक्ट्रॉन देतो आणि ऑक्सिजनचे पाणी होते. म्हणजे दोन कॅटेकॉल, चार इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनचा एक रेणू आणि शेवटी पाण्याचे दोन रेणू. वाटेत हायड्रोजन पेरॉक्साइड मोकळे सुटत नाही. आमच्या तपासणीचा कस येथेच लागणार आहे.

१६ जुलै २०२४, मंगळवार

उद्या आषाढी एकादशी असल्याने मंडईत रताळ्यांचे ढीग लागले आहेत, आणि ज्या विकराची प्रतिकृती करायची त्याचे काम विद्यार्थ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहावे म्हणून आज कच्चा अर्क काढला. रताळी सोलून, बर्फात ठेवलेल्या फॉस्फेट बफरमध्ये थेट किसली. कीस हवेत राहिला असता तर अर्क हाती येण्याआधीच काळवंडला असता, कारण रताळ्यातली स्वतःची फिनोले आणि विकर एकत्र येण्यासाठी पेशी फुटण्याचीच वाट पाहत असतात. ती फिनोले शोषून घेण्यासाठी बफरमध्ये न विरघळणारे पॉलिव्हिनाइलपॉलिपायरोलिडोन घातले होते. मलमलीतून गाळून अपकेंद्रित केल्यावर फिकट, जवळजवळ पारदर्शक अर्क मिळाला.

तीन क्युव्हेट (वर्णपट मोजण्याच्या छोट्या पारदर्शक कुप्या) शेजारी ठेवल्या. पहिलीत अर्क आणि कॅटेकॉल, दुसरीत उकळून गार केलेला अर्क आणि कॅटेकॉल, तिसरीत अर्कात आधी फिनाइलथायोयुरिया मिसळून मग कॅटेकॉल. पहिलीत पिवळा रंग पाहता पाहता चढला आणि नंतर तपकिरी झाला. उरलेल्या दोन्ही तशाच राहिल्या. उकळल्याने प्रथिनाची घडी मोडते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक होते. तिसऱ्या क्युव्हेटवर मात्र बरीच चर्चा झाली. १९९८ च्या त्याच अभ्यासात फिनाइलथायोयुरिया बसलेल्या विकराची रचनाही दिली आहे, आणि तीत त्या रेणूचे गंधक दोन्ही ताम्रांना एकदम पकडून हायड्रॉक्साइडची जागा घेताना दिसते. दोन्ही ताम्र असे अडवले गेल्यामुळे काम बंद पडते.  फिनाइलथायोयुरिया अत्यंत विषारी असल्याने हातमोजे, फ्यूम हूड आणि वेगळी टाकाऊ बाटली यांची व्यवस्था आधीच केली होती. हा प्रयोग पुढे कोणी केल्यास तीच पद्धत पाळावी.

या अर्काची आणि आमच्या संकुलांची थेट तुलना करता येणार नाही, हेही नोंदवतो. संकुलांसाठी आम्ही ३,५-डाय-टर्ट-ब्युटाइलकॅटेकॉल वापरणार आहोत, कारण त्याचे ऑक्सिडीकरण सहज होते, आणि दोन अवजड गटांमुळे तयार झालेले क्विनोन पुढे तुटत किंवा एकमेकांना चिकटत नाही. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. विकर पाण्यात आणि प्रतिकृती मिथेनॉलमध्ये, अशी स्थिती राहणार आहे.

२ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

लिगंड, म्हणजे ताम्राला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू, तयार झाला. २,६-डायफॉर्मिल-४-मिथाइलफिनॉल ०.३२८ ग्रॅम, म्हणजे २ मिलिमोल, आणि २-(२-अमिनोइथाइल)पिरिडीन ०.४८९ ग्रॅम, म्हणजे ४ मिलिमोल, मिथेनॉलमध्ये रिफ्लक्सवर ठेवले. फिनॉलच्या दोन्ही बाजूंना एकेक इमाइन आणि एकेक पिरिडीन अशा दोन भुजा त्यात असल्यामुळे मधला फिनोलेट ऑक्सिजन दोन ताम्रांमध्ये पुलासारखा बसेल. पिरिडीन आणि इमाइन यांच्यामध्ये एक कार्बन ठेवावा की दोन, यावर पुष्कळ विचार केला. एक कार्बन ठेवला तर ताम्राभोवती पाच अणूंचे वलय होते आणि ते द्विसंयुज ताम्राला फार मानवते. दोन कार्बन ठेवले की सहा अणूंचे वलय होऊन एकसंयुज ताम्रालाही तेथे राहणे परवडते. उत्प्रेरकाला दोन्ही अवस्थांमध्ये सहज ये-जा करता आली पाहिजे, म्हणून दोन कार्बन घेतले.

अवरक्त वर्णपटात १६८० च्या आसपासचा आल्डिहाइडचा पट्टा नाहीसा होऊन १६३५ जवळ इमाइनचा पट्टा आला. पावसाळी हवेत पोटॅशियम ब्रोमाइड इतके पाणी ओढते की, चकती रात्रभर ओव्हनमध्ये कोरडी केलेल्या भुकटीची केली नाही तर पाण्याचा पट्टा नेमका इमाइनच्या जागी येऊन बसतो. जुलै ते सप्टेंबर या काळात ही काळजी अनिवार्य समजावी. लिगंड नारिंगी तेलासारखा मिळतो आणि पाण्याच्या सहवासात इमाइन सुटू लागते, म्हणून तो वेगळा न काढता त्याच द्रावणात पुढची पायरी करावी, असे ठरवले.

२१ ऑगस्ट २०२४, बुधवार

ताम्राचा कोणता क्षार घ्यावा हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. परक्लोरेट ताम्राला फारसा धरत नाही आणि स्फटिकही चांगले देतो, पण सेंद्रिय लिगंड असलेले परक्लोरेट क्षार स्फोटक असू शकतात आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत तो धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही. ॲसिटेट सुरक्षित आहे, मात्र तो दोन ताम्रांमध्ये स्वतःच पूल बांधून बसतो आणि कॅटेकॉलला यायची जागा अडवतो. म्हणून नायट्रेट घेतले आणि ट्रायइथाइलअमाइनच्या साहाय्याने फिनॉलचा प्रोटॉन काढून हायड्रॉक्साइडचा पूल बसू दिला. फिनोलेट आणि हायड्रॉक्साइड असे दोन पूल असलेल्या संकुलांत ताम्र-ताम्र अंतर साधारण ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास राहते, म्हणजे विकराच्या २.९ च्या जवळ. गडद हिरवे स्फटिक मिळाले. ते थंड मिथेनॉलने आणि नंतर डायइथाइल ईथरने धुऊन निर्वात डेसिकेटरमध्ये ठेवले.

वस्तुमान वर्णपटात लिगंड, दोन ताम्र, एक हायड्रॉक्साइड आणि एक नायट्रेट मिळून होणारा आयन ५७६ वर दिसला. येथे विद्यार्थ्यांना मी शिखरांकडे नीट पाहायला सांगितले. निसर्गातील ताम्रात ६३ वस्तुमानाचा समस्थानिक सुमारे ६९ टक्के आणि ६५ चा सुमारे ३१ टक्के असतो. रेणूत ताम्राचा एकच अणू असेल तर दोन शिखरे दिसतात. दोन असतील तर तीन दिसतात, आणि केवळ ताम्राचा विचार केला तर त्यांची उंची १००, ८९ आणि २० या प्रमाणात येते. ५७६, ५७८ आणि ५८० ही तीन शिखरे जवळपास त्याच प्रमाणात समोर होती. रेणूत दोन ताम्र आहेत याचा इतका सरळ आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा दुसरा नाही.

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

गतिमापनाला सुरुवात केली. २५ अंश सेल्सिअस तापमान, हवेने संपृक्त मिथेनॉल, संकुलाची संहती ५ × १०⁻⁵ मोलर आणि कॅटेकॉलची त्याच्या किमान दहापट. तयार होणाऱ्या क्विनोनचा मोलर शोषणांक ४०० नॅनोमीटरला मिथेनॉलमध्ये सुमारे १९०० आहे, म्हणजे १०⁻⁴ मोलर क्विनोनला १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.१९ इतके शोषण मिळते.

गणित सोपे आहे, पण संकुलाचा स्वतःचा एक पट्टाही याच भागात येतो. फिनोलेटकडून द्विसंयुज ताम्राकडे इलेक्ट्रॉन सरकल्यामुळे ३८० च्या आसपास जे शोषण होते त्याचा उतार ४०० वर पडतो, आणि क्रिया चालू असताना ताम्राची संयुजा बदलत असल्यामुळे ही पार्श्वभूमी स्थिर राहील असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे एकाच तरंगलांबीवर वेळेनुसार वाचन घेण्याऐवजी ३०० ते ८०० नॅनोमीटरचा पूर्ण वर्णपट ठरावीक अंतराने नोंदवायचा आणि ६५० जवळच्या ताम्राच्या मंद पट्ट्याकडेही लक्ष ठेवायचे, अशी पद्धत ठरवली. तो पट्टा क्रियेदरम्यान जवळजवळ कायम राहिला. याचा अर्थ बहुतांश ताम्र सतत द्विसंयुज अवस्थेत आहे आणि ऑक्सिजनकडून होणारे पुनर्ऑक्सिडीकरण पहिल्या पायरीपेक्षा वेगवान आहे.

ऑक्सिजनचा साठाही मर्यादित असतो. हवेने संपृक्त मिथेनॉलमध्ये तो सुमारे २ मिलिमोलर असतो. पाण्यापेक्षा हे प्रमाण बरेच जास्त असले, तरी १० मिलिमोलर कॅटेकॉल असलेल्या बंद क्युव्हेटला ते पुरणारे नाही. म्हणून फक्त सुरुवातीचा वेग घ्यायचा, पुढचा वक्र वापरायचा नाही.

कॅटेकॉलची संहती वाढवत नेली तसा वेग आधी वाढला आणि मग सपाट झाला. विकरांच्या वेगासाठी वापरल्या जाणाऱ्या मिकेलिस-मेंटेनच्या समीकरणात तो नीट बसतो. संपृक्तीवरून काढलेला आकडा दर संकुलामागे तासाला कॅटेकॉलचे काही शेकडे रेणू इतका येतो. ॲसिटेटचा पूल असलेले संकुल तुलनेसाठी वेगळे करून ठेवले होते. ते अपेक्षेप्रमाणे बरेच मंद निघाले.

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार

केवळ कॅटेकॉल, कॅटेकॉल आणि ताम्र नायट्रेट, कॅटेकॉल आणि लिगंड, कॅटेकॉल आणि ट्रायइथाइलअमाइन अशा कोऱ्या चाचण्या पूर्ण केल्या. शेवटची सर्वांत आवश्यक होती, कारण आम्लारीच्या उपस्थितीत कॅटेकॉल हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप ऑक्सिडीकृत होते, आणि संकुलात अमाइनचा अंश राहिला असेल तर त्याचे श्रेय ताम्राला जाते. अमाइन असलेल्या क्युव्हेटमध्ये रंग खरोखरच चढला. आमच्या धुतलेल्या स्फटिकांच्या प्रोटॉन एनएमआरमध्ये ट्रायइथाइलअमाइन दिसत नाही. मात्र ताम्रामुळे त्या वर्णपटाच्या रेषा पसरतात, म्हणून मूलद्रव्य विश्लेषणातील नायट्रोजनचे प्रमाणही जुळवून पाहिले आणि ते जुळले.

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार

जस्ताचे संकुल हा या प्रकल्पातला माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रयोग आहे. जस्त नेहमी द्विसंयुजच राहते. इलेक्ट्रॉन घेण्यादेण्याचे काम ते करत नाही. तेव्हा तोच लिगंड घेऊन ताम्राच्या जागी जस्त बसवले आणि तरीही क्विनोन तयार झाले, तर ते काम धातूने केलेले नसणार. ही शंका निराधार नाही: कलकत्ता विद्यापीठातील एका गटाने २०१२ मध्ये जस्ताच्या शिफ बेस संकुलांवर हेच दाखवले की, धातू बदलत नसतानाही कॅटेकॉलचे ऑक्सिडीकरण होऊ शकते आणि ते लिगंडवर तयार होणाऱ्या मूलकामार्फत (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणामार्फत) चालते. ते काम वाचल्यापासून, ज्या शोधनिबंधात इमाइन असलेल्या ताम्र-संकुलाची जस्ताशी तुलना केलेली नाही त्यातील निष्कर्ष मी पूर्णपणे स्वीकारू शकत नाही.

आमच्या जस्त-संकुलात ४०० चा पट्टा वाढला, पण फार संथ. ताम्राच्या संकुलात काही मिनिटांत जेवढे क्विनोन दिसते तेवढे दिसायला येथे अनेक तास लागले. हा संथ वेगदेखील जस्ताचा की अशुद्धीचा, हे पाहणे भाग होते, कारण काचसामानावर किंवा स्पॅच्युलावर राहिलेला ताम्राचा अंशही एवढे काम करू शकतो. नमुन्याचे अणुशोषण विश्लेषण करून घेतले. त्यात ताम्र मापनमर्यादेच्या खाली आहे. तेव्हा लिगंडचा मार्ग अस्तित्वात आहे, पण आमच्या संकुलात त्याचा वाटा किरकोळ आहे, एवढे आता आधाराने म्हणता येईल.

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीनंतर आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्राकडून ईपीआरचे, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन ओळखणाऱ्या तंत्राचे, वर्णपट आले. दोन द्विसंयुज ताम्र पुलाने जोडलेले असले की त्यांचे सुटे इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध दिशेने बांधले जातात आणि ईपीआरमध्ये संकेत दिसत नाही. विकराच्या विश्रांत अवस्थेची ही ओळखच आहे. गोठवलेल्या मिथेनॉल द्रावणात आमचे संकुलही जवळजवळ मूक आहे. जो क्षीण चार रेषांचा संकेत उरतो तो सुट्या ताम्राचा आहे. मिथेनॉलमध्ये संकुलाचे तुकडे होत असतील ही भीती होती. संकेताची तीव्रता प्रमाणित ताम्र-द्रावणाशी तोलून पाहता ती अल्प प्रमाणातच खरी ठरते. कॅटेकॉल मिसळून काही क्षणांत गोठवलेल्या नमुन्यातही सेंद्रिय मूलकाचा ठळक संकेत आढळला नाही, आणि हे जस्ताच्या प्रयोगाशी सुसंगत आहे.

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

ऑक्सिजन नसताना काय होते ते आज पाहिले. मिथेनॉलमधील वायू गोठवून, उपसून, वितळवून काढले आणि श्लेंक नळीत (हवा बाहेर ठेवणाऱ्या काचनळीत) नायट्रोजनखाली संकुल व कॅटेकॉल एकत्र केले. हिरवा रंग ओसरून द्रावण पिवळसर झाले; ६५० चा पट्टा जवळजवळ गेला. नळी हवेत उघडून हलवली तेव्हा पृष्ठभागापासून खालपर्यंत हिरवट छटा परतली. एमएस्सीच्या विद्यार्थिनीने हे तीनदा पाहण्याचा आग्रह धरला, आणि तो योग्यच होता, कारण विकराच्या चक्राचे दोन अर्ध येथे वेगवेगळे डोळ्यांना दिसतात.

मोजमाप मात्र ४०० वर करता आले नाही, कारण ताम्र एकसंयुज होताच फिनोलेटचा पट्टा नाहीसा होतो आणि क्विनोनमुळे वाढलेले शोषण तितकेच कमी दिसते. म्हणून दोन स्वतंत्र मार्ग घेतले. एका भागात एकसंयुज ताम्राशी रंगीत संकुल करणारे बॅथोक्युप्रोइन घालून त्या संकुलाचे ४८० नॅनोमीटरच्या आसपासचे शोषण मोजले. दुसरा भाग सिलिकाच्या आखूड थरातून काढून ताम्र मागे ठेवले आणि एनएमआरमध्ये क्विनोनच्या ६.२ आणि ६.९ जवळच्या दोन रेषा अंतर्गत प्रमाणाशी तोलल्या. दोन ताम्रांमागे एक क्विनोन, असाच हिशोब दोन्हीकडून लागला. पहिला अर्धा भाग म्हणजे कॅटेकॉलकडून दोन इलेक्ट्रॉन दोन ताम्रांकडे, आणि तो आमच्या संकुलात विकरासारखाच घडतो.

१० डिसेंबर २०२४, मंगळवार

दुसरा अर्धा भाग तपासायला घेतला. ऑक्सिजनचे पाणी होत असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड सापडू नये. कॅटेकॉलच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचा एक रेणू खर्च होऊन पेरॉक्साइड सुटत असेल, तर ते क्विनोनइतकेच सापडावे.

रूढ पद्धत अशी की, क्रियामिश्रणात पाणी घालून, सल्फ्युरिक आम्लाने आम्लता वाढवून क्विनोन डायक्लोरोमिथेनमध्ये काढून घ्यायचे आणि पाण्याच्या थरात पोटॅशियम आयोडाइड व थोडे अमोनियम मॉलिब्डेट घालायचे. पेरॉक्साइड असल्यास आयोडिन सुटते आणि ट्रायआयोडाइडचा ३५३ नॅनोमीटरचा पट्टा दिसतो; त्याचा शोषणांक सुमारे २६,००० असल्याने अगदी थोडे पेरॉक्साइडही पकडता येते. परंतु पाण्याच्या थरात आमचे ताम्रही उतरते, आणि द्विसंयुज ताम्र स्वतःच आयोडाइडपासून आयोडिन मुक्त करते! शाळेतल्या ताम्राच्या अनुमापनाचा पायाच तो आहे. ताम्र-उत्प्रेरकाच्या अभ्यासात केवळ आयोडाइड चाचणीवर पेरॉक्साइडचा निष्कर्ष काढणे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे टायटॅनियम ऑक्सिसल्फेटची चाचणी: पेरॉक्साइडबरोबर टायटॅनियमचे पिवळे संकुल होते आणि ताम्र त्यात ढवळाढवळ करत नाही. दुसरी म्हणजे पाण्याच्या थराचा एक भाग उदासीन करून त्यात कॅटालेज घातले. कॅटालेज हे स्वतः हीममधील लोहावर चालणारे विकर आहे आणि ते पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन करून टाकते. पिवळा रंग आला, आणि कॅटालेज घातलेल्या भागात तो आला नाही. तेव्हा पेरॉक्साइड तयार होते, याबद्दल आता शंका उरली नाही.

प्रमाण मात्र क्विनोनच्या निम्म्याहून कमी भरले. यावरून काही क्रिया दोन इलेक्ट्रॉनांच्या आणि काही चार इलेक्ट्रॉनांच्या मार्गाने जाते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरून उद्या आणखी एक प्रयोग करायचा आहे.

११ डिसेंबर २०२४, बुधवार

नायट्रोजनखाली संकुल आणि कॅटेकॉल यांच्या मिश्रणात मोजून पेरॉक्साइड घातले आणि क्रियेला लागतो तितक्या वेळानंतर किती उरले ते टायटॅनियमने पाहिले. बराचसा भाग नाहीसा झाला होता आणि तेवढ्या प्रमाणात जादा क्विनोन तयार झाले होते. म्हणजे आमचे संकुल सुटलेले पेरॉक्साइडही दुसऱ्या कॅटेकॉलच्या ऑक्सिडीकरणासाठी वापरते. कालची तूट यानेच भरून निघते. वेगळ्या मार्गाची कल्पना करण्याची गरज नाही.

बाहेरून पाहता शेवट विकरासारखाच आहे, ऑक्सिजनचा मोठा भाग पाणी होऊन संपतो. आत मात्र फरक मूलभूत आहे. विकरात पेरॉक्साइड दोन ताम्रांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी धरलेले असते आणि पुढचा कॅटेकॉल येईपर्यंत सुटत नाही. आमच्या संकुलातून ते द्रावणात जाते आणि पुन्हा भेटले तर वापरले जाते. जिवंत पेशीत असे पेरॉक्साइड मोकळे सुटणे किती घातक ठरेल, हे पाहता विकराची ही पकड केवळ वेगासाठी नाही.

६ जानेवारी २०२५, सोमवार

अहवालाच्या मसुद्यावर आज बसलो. वेगाचा आकडा तासाऐवजी सेकंदाच्या एककात द्यावा, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले. रताळ्यातल्या विकराचा आकडा सेकंदाला दोन हजारांच्या पुढे आहे, म्हणजे तासाला ७२ लाखांहून अधिक. प्रतिकृतींचे आकडे तासाच्या एककात लिहिले की हे अंतर वाचकाच्या नजरेआड होते. आमचा आकडा सेकंदाच्या एककात एकाहून पुष्कळ लहान दिसतो आणि तसाच दिसायला हवा.

पकड का सुटते याबद्दलचे आमचे अनुमान असे आहे. हीमोसायनिन या खेकड्याच्या आणि विंचवाच्या रक्तातल्या ऑक्सिजनवाहक प्रथिनात हेच दोन ताम्रांचे केंद्र आहे, आणि त्यात पेरॉक्साइड आडवे पडून त्याचे दोन्ही ऑक्सिजन दोन्ही ताम्रांना लागलेले असतात. तेव्हा ताम्रांमधले अंतर सुमारे ३.६ अँगस्ट्रॉम असते. ही आडवी मांडणी प्रथम प्रथिनात सापडली नव्हती. जपानमधील नोबुमासा किताजिमा यांनी १९८९ मध्ये ती संश्लेषित संकुलात दाखवली आणि प्रथिनाच्या स्फटिकरचनेने ती नंतर खरी ठरवली. प्रतिकृतींच्या अभ्यासावर माझा विश्वास आहे तो अशा कामांमुळे. आमच्या लिगंडमधला फिनोलेटचा पूल ताम्रांना जवळ बांधून ठेवतो; पेरॉक्साइडला आडवे होण्यापुरते अंतर वाढूच शकत नाही, म्हणून ते एका टोकाने लागते आणि सहज निघून जाते. २.९ अँगस्ट्रॉमचे अंतर साधण्यावर आम्ही भर दिला. पुढच्या लिगंडमध्ये अंतर बदलू शकण्याला तितकेच महत्त्व द्यावे लागेल.

फिनोलेट काढून त्या जागी बेंझीनचे वलय ठेवण्याचा पर्याय समोर आला, पण केनेथ कार्लिन यांच्या गटाने १९८० च्या दशकात दाखवले आहे की, अशा संकुलात ऑक्सिजन येताच तो त्या वलयातल्याच कार्बनवर जाऊन बसतो आणि पुन्हा फिनोलेटच तयार होतो. टायरोसिनेज या फिनॉलवर ऑक्सिजन बसवणाऱ्या ताम्र-विकराची प्रतिकृती म्हणून ते काम अप्रतिम आहे. आमच्या उपयोगाचे नाही. त्याच गटाने चार कार्बनच्या साध्या साखळीने जोडलेले दोन ताम्र कमी तापमानाला ऑक्सिजन उलटसुलट धरतात आणि सोडतात, हेही दाखवले होते. तोच लिगंड घ्यायचे ठरले. १,४-डायअमिनोब्युटेन आणि २-व्हिनाइलपिरिडीन मिथेनॉलमध्ये ॲसेटिक आम्लासह उकळले की तो मिळतो; व्हिनाइलपिरिडीन मात्र ताजे ऊर्ध्वपातित केलेलेच वापरावे लागेल, कारण ठेवलेल्या बाटलीत त्याचे बहुवारिक होते. पेरॉक्साइड टिकलेले पाहायचे तर उणे ८० अंशांच्या आसपास वर्णपट घ्यावा लागेल. त्यासाठी लागणारी क्वार्ट्झची ड्युआर क्युव्हेट आणि कोरड्या बर्फाची मागणी आज विभागाकडे दिली आहे.